कर्करोगाच्या पेशी औषधाला दाद देईनाशा झाल्या की नवे संयुग कसे घडवतात?

आपण विचारले आहे की, कर्करोगाचे एखादे औषध सुरुवातीला उत्तम लागू पडते आणि काही काळाने निकामी ठरते, तर मग शास्त्रज्ञ त्याहून जहाल औषध का बनवत नाहीत? मी औषधी रसायनशास्त्र शिकवतो, रुग्ण तपासत नाही; म्हणून उत्तर रेणूंच्या बाजूने देतो आणि ज्याचा अणू-अणूपर्यंत उलगडा झाला आहे असे एक उदाहरण घेतो.

क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया या रक्ताच्या कर्करोगात ९ व २२ क्रमांकांच्या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल होते आणि त्यातून 'बीसीआर-एबीएल' हे जोडप्रथिन तयार होते. हे कायनेज वर्गातले एन्झाइम आहे. ते एटीपी या पेशीतल्या ऊर्जावाहक रेणूकडून फॉस्फेट घेऊन इतर प्रथिनांना जोडते आणि पेशीला वाढत राहण्याचा संदेश अखंड देत राहते. इमॅटिनिब (सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या पेटंटविषयक निकालामुळे हे नाव आपल्याकडे अनेकांनी ऐकले असेल) या एन्झाइमच्या एटीपीसाठी असलेल्या खाचेत बसते आणि त्याला निष्क्रिय स्थितीतच अडकवून ठेवते.

अमेरिकेत २००१ मध्ये या औषधाला मान्यता मिळाली आणि त्याच वर्षी, ते निकामी ठरलेल्या काही रुग्णांच्या पेशींत या प्रथिनातील ३१५ व्या जागी थ्रिओनिनऐवजी आयसोल्युसिन हे अमिनो आम्ल आढळले. बदल एवढाच, पण थ्रिओनिनच्या ऑक्सिजन-हायड्रोजन गटाशी इमॅटिनिबचा हायड्रोजन बंध (रेणूंना एकमेकांशी धरून ठेवणारे हलके आकर्षण) जुळत असे. आयसोल्युसिनकडे तो गट नाही, उलट त्याची शाखा खाचेत आडवी येते. एटीपीला या बंधाची गरज नसल्यामुळे एन्झाइमचे काम बिनबोभाट चालू राहते. अशा मोजक्या पेशी पुष्कळदा उपचारापूर्वीच शरीरात असतात. बाकीच्या मेल्या की त्यांना रान मोकळे मिळते. (औषध पेशीबाहेर फेकणारे पंप, जोडप्रथिनाचे वाढलेले प्रमाण, अशी प्रतिकाराची इतर कारणेही आहेत, ती येथे बाजूला ठेवतो.)

आता आपल्या 'जहाल' या शब्दाकडे येतो. प्रयोगशाळेत मूळ एन्झाइमवर नायलोटिनिब आणि डॅसॅटिनिब ही पुढची दोन औषधे इमॅटिनिबपेक्षा कितीतरी प्रभावी ठरली आणि इतर अनेक उत्परिवर्तनांवर (म्हणजे अशाच जनुकीय बदलांवर) चाललीही. परंतु ३१५ व्या जागेच्या बदलापुढे दोन्ही निष्प्रभ ठरली, कारण दोन्ही रेणू त्याच थ्रिओनिनच्या आधाराने बसतात. अडचण शक्तीची नसून बसण्याच्या जागेची होती.

पोनॅटिनिब घडवताना नेमका याच जागेचा विचार झाला. रेणूच्या दोन भागांमध्ये कार्बन-कार्बन तिहेरी बंध घातला गेला. असा दुवा सरळ आणि सडपातळ असतो, त्यामुळे तो आयसोल्युसिनला धक्का न लावता त्याच्या शेजारून जातो आणि हरवलेल्या हायड्रोजन बंधाची त्याला गरजच पडत नाही. वर्गात हे चित्र फळ्यावर काढताना मला दर वेळी आनंद होतो, पण तो पुरता टिकत नाही. हा रेणू इतरही अनेक कायनेजना अडवतो आणि रुग्णांमध्ये रक्तवाहिन्या अवरुद्ध होण्याचे गंभीर प्रकार दिसले. डिसेंबर २०१२ मध्ये मान्यता मिळालेल्या या औषधाची अमेरिकेतील विक्री ऑक्टोबर २०१३ मध्ये थांबवावी लागली आणि नंतर ती अधिक कडक अटींवर सुरू झाली. शिवाय एकाच प्रथिनात दोन उत्परिवर्तने एकत्र आली, तर त्यांतील काही जोड्यांपुढे पोनॅटिनिबही कमी पडते.

म्हणून मला त्यापुढचा विचार अधिक मोलाचा वाटतो: ती खाचच सोडून देणे. निरोगी एबीएल प्रथिनाच्या टोकाला मिरिस्टेट नावाची मेदाम्लाची शेपटी असते. ती वळून प्रथिनाच्याच एका दूरच्या कप्प्यात शिरते आणि एन्झाइम बंद होते. जोडप्रथिनात ते टोक गळून त्या जागी बीसीआर आलेले असते, म्हणजे ब्रेकच निघालेला असतो. ऑक्टोबर २०२१ मध्ये मान्यता मिळालेले अ‍ॅसिमिनिब त्या रिकाम्या कप्प्यात शेपटीच्या जागी बसते. हा कप्पा फार थोड्या कायनेजमध्ये असल्याने औषधाचा नेम चुकण्याची शक्यता कमी होते. मात्र ३१५ व्या जागी बदल असलेल्या रुग्णांना दिवसाला ८० ऐवजी ४०० मिलिग्रॅम द्यावे लागते, आणि या कप्प्यातही उत्परिवर्तने होतातच. उंदरांवरील प्रयोगांत अ‍ॅसिमिनिब व नायलोटिनिब एकत्र दिल्यावर रोग पुन्हा उफाळला नाही, कारण दोन वेगळ्या जागा एकाच पेशीत एकदम बदलणे दुर्मीळ असते.

फुप्फुसाच्या कर्करोगातही हेच घडले: ऑसिमर्टिनिब हे औषध तिथल्या ईजीएफआर या कायनेजमधील ७९७ व्या जागेच्या सिस्टीन या अमिनो आम्लाशी कायमचा बंध जोडून आधीच्या औषधांना झालेला प्रतिकार मोडते, तर काही रुग्णांत ते सिस्टीनच बदलून सेरीन हे दुसरे अमिनो आम्ल होते.

आपण हे कुणा आप्तासाठी विचारत असाल, तर एवढे सांगतो की, ल्युकेमियाचे औषध बदलण्यापूर्वी रक्तातील बीसीआर-एबीएलच्या उत्परिवर्तनांची तपासणी केली जाते आणि त्यावरून पुढचे औषध ठरते. गोळ्या मध्येच चुकल्या होत्या का, हेही डॉक्टर विचारतात, कारण तशा वेळी दोष रेणूचा नसतो.