होस्टेलच्या लॅनवर गाणी : डीसी की टॉरेंट?

प्रश्न : आमच्या होस्टेलमध्ये १०० एमबीपीएसची लॅन (खोल्यांमधले संगणक जोडणारं नेटवर्क) आहे. गॅदरिंगमधल्या आमच्या बँडचं रेकॉर्डिंग (८ जीबी) साठ मुलांना द्यायचं आहे. सीनियर म्हणतात डीसी++ लावा, काही जण टॉरेंट म्हणतात. काय बरं?
— वाचक, सांगली

उत्तर : दोन्हींत फाइल एका संगणकावरून थेट दुसऱ्यावर जाते, पण या कामाला टॉरेंट. हिशेब करून बघा. एमबीपीएस म्हणजे सेकंदाला मेगाबिट, आणि आठ बिटांचा एक बाइट. म्हणून १०० एमबीपीएसच्या लाइनमधून सेकंदाला फार तर ११ एमबी (मेगाबाइट) जातात, म्हणजे एका मुलाला ८ जीबी द्यायला बारा मिनिटं. डीसी++मध्ये फाइल पूर्ण उतरल्याशिवाय पुढे देता येत नाही. तीन स्लॉट (एका वेळी किती जणांना फाइल द्यायची ती मर्यादा) ठेवलेत तर पहिले तिघे छत्तीस मिनिटं लाइन अडवून बसणार आणि बाकीचे ‘नो स्लॉट्स’ बघत राहणार. टॉरेंटमध्ये आलेला तुकडा लगेच पुढच्याला जातो, त्यामुळे गर्दी वाढली तरी वेग टिकतो. सेटिंगमध्ये ‘लोकल पीअर डिस्कव्हरी’ चालू ठेवा, म्हणजे शेजारच्या खोल्या आपोआप सापडतील. मात्र विंगनिहाय नेटवर्क वेगळं असेल तर हा शोध राउटरपलीकडे जात नाही. तिथे समोरच्या संगणकाचा आयपी पत्ता आणि टॉरेंट प्रोग्रॅमचा पोर्ट क्रमांक हातानं टाका.

डीसी++ची मजा वेगळी : दुसऱ्याची पूर्ण यादी उघडून चाळायची. हब (सगळे ज्याला जोडले जातात तो सर्व्हर) फक्त कोण हजर आहे ते सांगतो आणि शोध पोचवतो. गाणं थेट खोलीतून खोलीत येतं, त्यामुळे हब होस्टेलमध्येच असेल तर बाहेरचं नेट बंद असलं तरी अडत नाही. तीन ठिकाणी गाडी अडते. फोल्डर शेअर केलं तरी हॅशिंग (फाइल वाचून तिची ओळखखूण काढणं) होईपर्यंत फाइल कुणाला दिसत नाही, घाई नको. दोघेही पॅसिव्ह मोडवर (बाहेरून आलेली जोडणी न स्वीकारणाऱ्या) असतील तर सहसा जोडणी होत नाही. निदान एकानं अ‍ॅक्टिव्ह (जोडणी स्वीकारणारा) व्हावं आणि फायरवॉलमध्ये डीसी++ला परवानगी द्यावी. आणि होस्टेलच्या वायफायवर ‘क्लायंट आयसोलेशन’ (जोडलेली उपकरणं एकमेकांपासून वेगळी ठेवणारं सेटिंग) असेल तर एक लॅपटॉप दुसऱ्याला दिसतच नाही. मग केबल लावा, सेटिंगशी खेळत बसू नका.

सिनेमाची गाणी यात मिसळू नका. टॉरेंट उतरवताना तुम्ही वाटपही करत असता आणि कॉपीराइट कायदा, १९५७च्या कलम ६३मध्ये तुरुंगवासाची तरतूद आहे.

प्रश्न : ‘३२० केबीपीएस’ लिहिलेलं गाणं बोदं का वाजतं?
— वाचक, नाशिक

उत्तर : केबीपीएस म्हणजे गाण्याच्या एका सेकंदासाठी किती किलोबिट वापरले ते. बहुतेक वेळा १२८ केबीपीएसची फाइल पुन्हा ३२०मध्ये बदललेली असते. आकार अडीचपट होतो, गेलेला आवाज परत येत नाही. ‘स्पेक’ या मोफत प्रोग्रॅममध्ये फाइल टाका : १६ किलोहर्ट्झच्या आसपास आलेख सुरीनं कापल्यासारखा संपला, तर संशय खरा. हॅश, म्हणजे फाइलची ओळखखूण, इथे कामाचा नाही. तो फाइल वाटेत बदलली नाही एवढंच सांगतो, मूळ फाइल चांगली की वाईट हे नाही. कझा हा जुना फाइल वाटण्याचा प्रोग्रॅम तर तेवढंही धड करत नसे, फाइलचे काही भागच तपासायचा. मधे नुसती खरखर भरलेली गाणी त्यावर फिरली ती म्हणूनच.