मोटर मोठी आणली, तरी टंकी रिकामी का?

प्रश्न: दादा नमस्कार, आमचं घर सुदामानगरात आहे, खाली हौद आणि तीन मजल्यांच्या वर गच्चीत टंकी. अर्ध्या एचपीची मोटर जळली म्हणून एक एचपीची आणली, दुसऱ्या मजल्यापर्यंत धो धो पाणी, पण टंकीत करंगळीएवढी धार. प्लेटवर ‘हेड 6/18 मी.’ लिहिलंय, दुकानदार म्हणतो एचपी बघा, बाकी काही बघू नका. हे हेड म्हणजे काय?
– एक वाचक, इंदूर

उत्तर: ताई, तुम्ही प्लेट वाचलीत हे फार छान केलंत, लोक वाचतच नाहीत. हेड म्हणजे पंप पाणी किती उंच ढकलू शकतो ती उंची. 6/18 चा अर्थ असा की 6 मीटरवर भरपूर पाणी, मग जसजसं वर जाल तसतसं कमी, आणि 18 ला जवळजवळ थेंब थेंब. आता तुमचं घर मोजा: हौद 2 मीटर खोल, तळमजला धरून चार मजल्यांचे 12, टंकीच्या तोंडापर्यंत अजून 2, झाले 16. त्यात प्रत्येक एल्बो (पाइपाचं वळण), प्रत्येक वॉल्व्ह पाण्याला अडवतो, तेही उंचीत धरायचं, म्हणजे 18 आलेच की!

एचपी म्हणजे ताकद. 1 एचपी म्हणजे 746 वॅट, सोपं सांगायचं तर दर सेकंदाला साधारण 75 किलो वजन 1 मीटर वर उचलणं. पाण्याचा एक लिटर म्हणजे एक किलो, म्हणून हिशोबाने त्याच ताकदीत 75 लिटर 1 मीटर चढेल नाहीतर 5 लिटर 15 मीटर (घरगुती पंपात निम्म्याहून जास्त वाया जातं ते वेगळं). पाणी जास्त की उंची जास्त, हे ठरवतो आतला इम्पेलर, म्हणजे फिरणारं चाक. त्यामुळे दोन्ही मोटरी एक एचपीच्या असून एक शेताला पाणी पाजायला बरी आणि दुसरी बिल्डिंगला. तुम्ही दुकानात विचारा, ‘20 मीटरवर तासाला किती लिटर देईल?’

पण मोटर बदलायच्या आधी पाइप बघा, हे मी कळकळीने सांगतो. तेवढंच पाणी एक इंचीऐवजी अर्धा इंची पाइपातून न्यायचं तर घर्षण जवळपास तीसपट होतं. आमच्या गल्लीत एकांनी दोनदा मोटर बदलली, शेवटी प्लंबरने पाइप बदलला आणि जुन्याच मोटरवर टंकी भरायला लागली. तुम्ही टंकीच्या तोंडाशी 20 लिटरची बादली धरून मोबाइलवर वेळ लावा, एक मिनिटात भरली तर तासाला 1200 लिटर, घराला पुरे आहे.

आणि आपल्या नळाला येणारी नर्मदा बघा ना, 1978 पासून जलूदहून येतेय, सुमारे 70 किलोमीटर. तिकडे नदी समुद्रसपाटीपासून साधारण 150 मीटरवर, इंदूर 550 वर, म्हणजे 400 मीटर चढण, वर वाटेतला घाट. हजार लिटर नुसते तेवढे चढवायला एक युनिटहून जास्त वीज लागते, म्हणून कोणाची टंकी ओव्हरफ्लो होऊन गच्चीवरून पाणी वाहताना दिसलं की माझा जीव तुटतो.

प्रश्न: आमच्या बोअरमध्ये पाणी 60 फुटांवर आहे. वर ठेवलेली दोन एचपीची मोटर ते ओढेल का?
– एक वाचक, इंदूर

उत्तर: नाही ओढणार भाऊ, दहा एचपीची ठेवलीत तरी नाही. खरं तर पंप पाणी ओढतच नाही, तो फक्त पाइपातला दाब कमी करतो आणि बाहेरची हवा पाण्याला वर दाबते. हवेचा हा जोर समुद्रकाठी 10.3 मीटरपर्यंत पुरतो, आपल्या इंदुरात हवा थोडी विरळ म्हणून 9.7 च्या आसपास, आणि पाइपाची गळती, घर्षण धरलं तर 7 मीटर म्हणजे 23 फूट धरून चाला. तुम्हाला सबमर्सिबलच लागेल, तो पाण्यात खाली बसून वर ढकलतो, त्याला ओढायचं नसतंच.