भाकरी मोजता येते, भरीत नाही

इंग्रजीच्या तासाला जोडीजोडीने हॉटेलचं नाटुकलं (एक वेटर, एक गिऱ्हाईक) पहिल्यांदाच घेत असाल, तर एका वेळी व्याकरणाचा एकच मुद्दा घ्या. 'सम' आणि 'एनी' सर्वात सोपे. मेनूत सहाच पदार्थ ठेवा: भाकरी, केळी, मिरच्या हे मोजता येणारे, भरीत, ठेचा, ताक हे न मोजता येणारे. पिझ्झा-बर्गर नकोत, पोरं नावांतच अडकतात.

गंमत नियमातून येऊ द्या. वेटरने नुसतं 'नो' म्हणायचं नाही. भरीत संपलं की 'देअर इजन्ट एनी भरीत, बट देअर आर सम मिरचीज' असं बोलून भलतंच गळ्यात मारायचं. गिऱ्हाइकाने पोट भरेपर्यंत हटायचं नाही. इथे हमखास 'देअर इज सम केळी' ऐकू येतं, कारण मराठीत 'केळी' हे 'केळं'चं अनेकवचन असलं तरी त्याला इंग्रजीसारखा शेवटी 'एस' दिसत नाही. म्हणून मेनूत 'बनानाज' असंच लिहा.

'प्रश्नात एनी' असं घोकलेली मुलं 'वुड यू लाइक एनी ठेचा?' विचारतात. ते चूक नाही, पण आग्रह करताना 'सम' शोभतं. खान्देशी पाहुणचारात तर 'सम'च!

चार मिनिटांनी भूमिका बदला. मध्ये टोकू नका, चुका वहीत टिपा आणि शेवटी तीनच फळ्यावर घ्या, नाव न घेता. पट विषम असेल तर उरलेला विद्यार्थी आचारी: तो दर मिनिटाला एक पदार्थ 'संपला' म्हणून ओरडतो. गोंगाट होणारच, शेजारच्या वर्गाला आधी सांगून ठेवा.