रक्तातलं जनुक वेगळं, गाठीतलं वेगळं

कर्करोगाच्या गाठीचे तुकडे तपासायला माझ्याकडे मेणाच्या ठोकळ्यात येतात आणि तुमचे प्रश्न मेलमध्ये. या वेळच्या निम्म्याहून अधिक मेलमध्ये घोळ एकच आहे: 'जीन टेस्ट' या एका नावाखाली निरनिराळ्या तपासण्या कोंबलेल्या. म्हणून हा अंक त्यावरच.

प्रश्न : आईला (वय 61) स्तनाचा कर्करोग आहे. डॉक्टरांनी 21 जनुकांची तपासणी सुचवली. महाग आहे, पण आम्ही दोघी बहिणीही बरोबरच करून घ्यावी का? – सातारा

उत्तर : करता येणारच नाही. ती काढलेल्या गाठीवर होते. तुम्हाला गाठ नाही, तर तपासायचं काय? ऑन्कोटाइप डीएक्स या नावाने ओळखली जाणारी ही तपासणी गाठीतली 16 जनुकं (आणि तुलनेसाठी आणखी 5) किती जोमाने काम करताहेत ते मोजते आणि 0 ते 100 मधला एक आकडा, म्हणजे स्कोअर, देते. आजार परतण्याची शक्यता किती, केमोचा उपयोग होईल का, एवढ्यापुरताच तो आकडा. आणि तोही हार्मोन रिसेप्टर पॉझिटिव्ह (हार्मोनच्या जोरावर वाढणाऱ्या), हर-टू निगेटिव्ह (हर-टू हे प्रथिन वाढलेलं नसलेल्या) गाठींसाठी. तुमच्या डोक्यात आहे ती बीआरसीए तपासणी. ती रक्तावर होते आणि आईवडिलांकडून आलेला दोष शोधते. तिची गरज आहे की नाही, ते घरातला इतिहास बघून ठरतं. करायची ठरलीच तर आधी आईची, मग तुमची. जनुकीय समुपदेशकाला भेटल्याशिवाय रक्त देऊ नका.

प्रश्न : माझं वय 44, स्कोअर 19. शेजारच्या काकूंचाही (वय 63) 19च होता, त्यांना केमो दिली नाही. मला का सांगितली? – ठाणे

उत्तर : कारण तुम्ही 44च्या आहात आणि काकू 63च्या. दहा हजारांहून अधिक स्त्रियांचा सहभाग असलेल्या, याच स्कोअरची पारख करणाऱ्या टेलरएक्स चाचणीचे निष्कर्ष 2018 मध्ये आले. काखेतल्या लसिका-गाठींपर्यंत आजार न पोचलेल्या स्त्रियांमध्ये स्कोअर 11 ते 25 असेल आणि वय पन्नाशीच्या पुढे असेल, तर हार्मोन रोखणाऱ्या गोळ्या पुरेशा ठरल्या. पन्नाशीपर्यंतच्यांना मात्र 16 ते 25 या पट्ट्यात केमोचा थोडा फायदा दिसला. त्यातला किती केमोचा आणि किती केमोमुळे पाळी थांबल्याचा, यावर वाद आहे. नेमकं हेच तुमच्या ऑन्कोलॉजिस्टला विचारा, आणि काखेतल्या गाठींचा रिपोर्ट सोबत न्या. काकूंची फाइल काकूंकडेच राहू द्या.

प्रश्न : छातीत गाठ लागते, दुखत नाही. आधी जेनेटिक टेस्ट, मगच बायोप्सी, असं व्हॉट्सअ‍ॅपवर वाचलं. – लातूर

उत्तर : चुकीचं वाचलंत. उद्याच सर्जनकडे जा.

प्रश्न : मी बायोइन्फर्मॅटिक्समध्ये एम.एस्सी. करतो. टीसीजीए या अमेरिकी प्रकल्पाचा स्तन कर्करोगाचा खुला डेटा घेऊन मशीन लर्निंगने 12 जनुकांचा संच काढला. अचूकता 98 टक्के. उपचार ठरवायला मार्कर म्हणून वापरता येईल का? तक्ता जोडला आहे. – नाशिक

उत्तर : नाही. आणि आता जरा बसा, कारण असा मेल मला वरचेवर येतो.

98 टक्के कशाचे? तक्ता उघडून पाहिला. तुमच्या प्रोग्रॅमने कर्करोगाची गाठ आणि निरोगी ऊती यांतला फरक ओळखला. तो पॅथॉलॉजिस्ट सूक्ष्मदर्शकाखाली रोज ओळखतो. शिवाय त्या डेटात गाठींचे नमुने सुमारे 1,100 आणि निरोगी ऊतींचे शंभरावर थोडे. डोळे मिटून सगळ्यांना 'कर्करोग' म्हटलं तरी नव्वद टक्के मार्क मिळतात! उपचार करणाऱ्यापुढचा प्रश्न निराळा असतो: कर्करोग आहेच, पण या बाईला केमो लागेल का?

दुसरं. 12 जनुकं निवडताना सगळे नमुने वापरलेत आणि मग त्याच नमुन्यांचे भाग पाडून परीक्षा घेतलीत. याला आपल्याकडे पेपर फुटणं म्हणतात. वीस हजार जनुकं एकेक करून तपासली आणि दरवेळी पाच टक्के चूक चालवून घेतली, तर कशाचा कशाशी संबंध नसतानाही हजारभर जनुकं 'महत्त्वाची' ठरतात.

तिसरं अधिक बोचरं आहे. 2011 मध्ये ब्रसेल्सच्या संशोधकांनी स्तन कर्करोगाचं भविष्य सांगणारे म्हणून छापले गेलेले 47 जनुकसंच घेतले आणि जणू चिठ्ठ्या टाकून उचललेल्या तितक्याच जनुकांशी त्यांची तुलना केली. 60 टक्के संच चिठ्ठ्यांपेक्षा सरस ठरले नाहीत. जेवणानंतर हसल्याने रक्तपेशींत काय बदलतं, या अभ्यासातून आलेला संचसुद्धा स्तन कर्करोगाचं भविष्य 'सांगत' होता. कारण साधं आहे. झपाट्याने वाढणाऱ्या गाठीत पेशीविभाजनाची जनुकं चढतात आणि त्यांच्यामागोमाग इतर जनुकांचा मोठा हिस्सा हलतो. जाळं कुठेही टाका, मासा लागतोच. तुमची 12 जनुकं याहून वेगळं काही सांगतात का, ते तपासलंत? तक्त्यात तरी दिसलं नाही.

वर सांगितलेली 21 जनुकं कशी आली पाहा. 250 संभाव्य जनुकं, तीन अभ्यासांतले 447 रुग्ण, त्यातून सूत्र. मग सूत्राला कुलूप; त्यात काडीचाही बदल न करता एका जुन्या चाचणीतल्या 668 स्त्रियांच्या जपून ठेवलेल्या गाठींवर पडताळणी. हे 2004 साली छापलं गेलं. टेलरएक्सचं उत्तर यायला आणखी 14 वर्षं लागली. संगणकाचं काम त्यात सर्वांत कमी वेळाचं होतं.

जाता जाता: तुमच्या तक्त्यात एका जनुकाचं नाव '2-सप्टेंबर' आहे. ते सेप्ट2, एक्सेलने त्याची तारीख केली. या खोडीपायी शेवटी जनुकांचीच नावं बदलावी लागली, आता ते सेप्टिन2 आहे. हसू नका. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठातल्या एका गटाच्या तक्त्यांत ओळी एकेक घर सरकल्या होत्या आणि तसल्या निष्कर्षांवर रुग्णांच्या चाचण्या सुरू झाल्या. पुढे शोधनिबंध मागे घ्यावे लागले. तेव्हा आधी एखाद्या संख्याशास्त्रज्ञाकडे जा, मग दुसऱ्या हॉस्पिटलचे नमुने मागा.

प्रश्न : सवलतीत लाळेचं किट मागवलं. 'बीआरसीए निगेटिव्ह' आलं. आई आणि मावशी दोघींना पंचेचाळिशीच्या आत कर्करोग झाला होता. आता निर्धास्त राहू ना? – पुणे

उत्तर : मुळीच नाही. बीआरसीएतले घातक बदल हजारांनी ज्ञात आहेत. अमेरिकेत 2018 मध्ये घरगुती किटला परवानगी मिळाली ती फक्त तीन बदलांसाठी, आणि ते तिन्ही अश्केनाझी (मूळच्या मध्य आणि पूर्व युरोपातल्या) ज्यू लोकांत आढळणारे. तुमच्या किटने काय पाहिलं ते बारीक अक्षरांत कुठेतरी असेल. सवलत तेवढी ठळक छापतात. आईची पूर्ण बीआरसीए तपासणी झाली होती का? तो रिपोर्ट घेऊन समुपदेशकाकडे जा.

प्रश्न : बायकोच्या बीआरसीए2च्या रिपोर्टमध्ये 'व्हीयूएस' लिहिलंय. स्तन काढून टाकावेत का? – कोल्हापूर

उत्तर : त्या तीन अक्षरांवर नाही. अर्थ एवढाच, की बदल सापडला पण तो घातक की निरुपद्रवी हे अजून ठरलेलं नाही. जगातला जनुकीय डेटा बहुतांशी युरोपीय वंशाच्या लोकांचा, त्यामुळे हा शेरा आपल्याकडे जास्त येतो. पुढे यातले बहुतेक बदल निरुपद्रवी ठरतात. रिपोर्ट जपून ठेवा, वर्षा-दोन वर्षांनी लॅबला पुन्हा विचारा. बाकीचं तिचं वय आणि माहेरचा इतिहास बघून डॉक्टर ठरवतील.

प्रश्न : हळदीच्या गोळ्यांनी स्कोअर खाली येतो का? – रत्नागिरी

उत्तर : नाही. स्कोअर काढलेल्या गाठीचा असतो आणि ती गाठ लॅबच्या कपाटात मेणात पडून आहे. हळद तिथवर पोचत नाही. गोळ्या घेत असाल तर केमोआधी डॉक्टरांना सांगा.