पश्चिमेच्या भिंतीला ओल

प्रश्न : आमचं घर गुहागरजवळ. पावसाळ्यात पश्चिमेच्या खोलीत खिडकीखाली ओल येते, पोपडे धरतात. दरवर्षी आतून पुट्टी-रंग करतो, तरी तेच. काय करावं?

उत्तर : ताई, आतून रंग देण्यात पैसे घालवणं आधी थांबवा. पाणी बाहेरून येतंय, इलाजही बाहेरूनच हवा. किनाऱ्यावर पाऊस नैर्ऋत्येच्या वाऱ्याबरोबर आडवा येतो. झडीचा सगळा मार पश्चिमेच्या भिंतीवर. पाणी सहसा दोन जागी शिरतं : बीम आणि चिऱ्याच्या (जांभा दगडाच्या) भिंतीच्या सांध्यावरची चीर, आणि खिडकीचा उंबरा. उंबऱ्याखाली हात फिरवून पाहा. बाहेरच्या कडेला खालून बोटभर खाच नसेल, तर पाणी कडेवरून वळून थेट भिंतीत जातं. ती खाच आणि बाहेरच्या बाजूला उतार करून घ्याच. गवंडी टाळाटाळ करतात, तिथे ऐकू नका.

चीर नुसती लिंपू नये. छिन्नीने रुंद करून, धूळ झाडून, पॉलिमर मिसळलेला सिमेंटचा माल भरावा. सांध्यावर कोंबडीजाळी (बारीक तारेची जाळी) ठोकून गिलावा, त्यावर सात दिवस पाणी मारा. बाहेरचा जलरोधक रंग गिलावा पूर्ण वाळल्यावरच. काम दिवाळीनंतर काढा. तोवर त्या बाजूला झापं (विणलेल्या झावळ्या) बांधा.