अपघातानंतरची क्रेन: नेणार कोण, भरणार कोण

मी गाड्यांच्या विम्याच्या क्लेमचा सर्व्हेयर आहे, म्हणजे नुकसान तपासून कंपनीला किती द्यायचं ते सांगणारा. पावसाळा लागला की हेच प्रश्न येतात, म्हणून एकदाच सगळ्यांना उत्तर देतोय.

प्रश्न: हायवेवर गाडी ठोकली आणि न बोलावता क्रेनवाला हजर. नाही म्हणता येतं का?
येतं. नॅशनल हायवेवर १०३३ ला, म्हणजे हायवेच्या हेल्पलाइनला फोन लावा. पण गाडी लेनमध्ये आडवी अडकली असेल तर मोटार वाहन कायदा कलम १२७ खाली पोलीस ती लगेच उचलायला लावू शकतात, खर्च मालकाचाच. "साहेबांनी सांगितलंय" असं क्रेनवाला म्हणाला तर साहेबांनाच विचारा.

प्रश्न: पंचनाम्याआधी गाडी हलवली तर क्लेम जातो असं मित्र म्हणतो.
मित्राला नका विचारू, विमा कंपनीला विचारा. कोणाला लागलं नसेल तर फोटो काढा, कंपनीला कळवा, गाडी बाजूला घ्या. कोणी जखमी असेल तर आधी माणूस हॉस्पिटलात, ११२ ला फोन, आणि पोलीस सांगेपर्यंत गाडीला हात नाही.

प्रश्न: फर्स्ट पार्टी (स्वतःच्या गाडीचं नुकसानही भरणारी) पॉलिसी आहे, क्रेनचं बिल कंपनी देईलच ना?
इथेच सगळे फसतात! पॉलिसी काढून वाचा हो. साध्या पॉलिसीत गाडी सांभाळून जवळच्या गॅरेजला न्यायचे सगळे मिळून कारला जास्तीत जास्त १५०० रुपये, टू-व्हीलरला ३००. वरचे तुमच्या खिशातून, रोडसाइड असिस्टन्स (रस्त्यात गाडी अडकली तर मदत) वेगळं घेतलं असेल तर त्याच्या अटी वेगळ्या. आणि क्रेनवाला नेतो कुठे, तर त्याच्या ओळखीच्या गॅरेजला, मी सर्व्हेला पोचतो तेव्हा बंपर खाली, बॅटरी काढलेली, मालक दाराशी उभा आणि हातात पॅडवरचं बिल, त्यात क्रेन, वेटिंग, हेल्पर, रोजचं पार्किंग, जीएसटी नंबर कुठेच नाही. घाबरलेल्या माणसाने रस्त्यावर कोऱ्या कागदावर सही केलेली असते! मग मी काय पास करणार? हुक लागायच्या आधी रेट, ठिकाण आणि गाडीचा नंबर लिहून घ्या, कागदाचा फोटो काढा, आणि कंपनीला तिथूनच फोन करून कुठल्या गॅरेजला न्यायची ते विचारा. दुसऱ्या दिवशी नाही, तिथूनच.

प्रश्न: पोलिसांनी नेलेली गाडी कधी मिळते?
त्याच कायद्याच्या कलम १३६ प्रमाणे गाडी कुठे ठेवली ते मालकाला कळवायचं असतं आणि तपासणीचे सोपस्कार झाले की २४ तासांत परत द्यायची असते. अडकलीच तर वकिलाला भेटा, एजंटला नको.

प्रश्न: इलेक्ट्रिक गाडी हुक लावून ओढली तर चालेल?
नाही, फ्लॅटबेडच मागवा, म्हणजे गाडी अख्खी वर चढवून नेणारा सपाट ट्रक. मॅन्युअल बघा, शंका असेल तर सर्व्हिस सेंटरला फोन करा.