पिनांना गंज आहे का, ते बघ

घाई करू नकोस. 'वापरलेली, दुर्मिळ' म्हणून चढ्या भावात दाखवलेली व्हिडिओ गेमची डिस्क आधी उजेडात तिरकी धर. एकही ओरखडा नाही, सोबतच्या पुस्तिकेच्या पिना चकाकताहेत? मग ती वापरलेली नसून नव्याने छापलेली असू शकते. आपल्या गोव्यात दोन पावसाळे काढले की पिनांना गंज चढतो, पानं फुगतात. म्हापशातल्या माझ्या कपाटातली एकही पुस्तिका सुटलेली नाही. अमेरिकेत २०१२ साली ५० डॉलरला आलेला 'झेनोब्लेड क्रॉनिकल्स' हा गेम पुढच्याच वर्षी एका मोठ्या दुकानसाखळीत वापरलेला म्हणून ९० डॉलरला विकला जात होता. त्या प्रती पुन्हा छापून घेतल्याचा संशय गिऱ्हाइकांना तेव्हाच आला. अशी प्रत नकली नसते रे, पण दुर्मिळही नसते, आणि दुर्मिळतेचे पैसे मात्र तू मोजतोस. म्हणून दुकानदाराला सरळ विचार, प्रत आली कुठून? तो टाळाटाळ करू लागला तर निघ तिथून.